एका वारेची जुळी

निजामाची राजवट गेली, त्याच्या पुढच्या वर्षी बिदरजवळ जनवाड्यात आमच्या घरी थोरल्या जावेला जुळे मुलगे झाले. मी तिला अक्का म्हणायची. दोन्ही लेकरं टपोरी, एकसारखी भरलेली. माझी कूस तोवर रिकामीच. पाळण्याची दोरी ओढताना मी वरून हसायची अन् आत जळायची. महादेवाला विचारायची, तिलाच दोन कामून?

वर्षभरात मला दिवस गेले. सुईण म्हणाली, जुळंच हाय. सहाव्या महिन्यात पोट भराभर वाढलं, तेव्हा मला आनंदच झाला. माझी लेकरं अक्काच्या लेकरांहून थोर होणार! पण पुढे धाप लागली, आडवं पडवेना. मग मनाने घेतलं, अक्काचीच नजर लागली. तीच म्हणाली, "चल, बिदरला पापनाशच्या महादेवाला जाऊन येऊ."

बैलगाडीने निघालो. वाटेत टांग्याचं चाक निखळल्यामुळे बुरख्यातल्या एक बाई रस्त्यात उभ्या होत्या. मी तोंड फिरवलं. अक्का मात्र सरकून बसली, "या बाई, बसा." त्या बिदरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई निघाल्या. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "देव को बाद में मिलो, अम्मा. पैले दवाखाने चलो."

तिथेच मी अवेळी बाळंत झाले. दोन मुली. एक लालबुंद, भरलेली. दुसरी पांढरीफटक, मूठभर. माझा जीव लालबुंद लेकीवर जडला, आणि तीच गेली. "कुणाची नजर लागली, बाई?" मी रडत विचारलं. अक्कालाही जुळी आहेत, हे त्यांना गाडीतच कळलं होतं. त्यांनी अक्काकडे पाहिलं. "तुमच्या जुळ्यांच्या वेळी वारा किती पडल्या?" अक्का म्हणाली, "माझ्या दोन वारा पडल्या व्हत्या."

मग बाईंनी समजावलं. अक्काच्या मुलांना पोटात पोसणारी आपापली वार होती. माझ्या मुलींना मिळून एकच. तिच्यातून एकीचं रक्त दुसरीकडे जात राहिलं. एक सुकली, आणि जिला जास्त मिळालं तिच्या काळजाला तो भार झेपला नाही. "नजर किसी की नै, अम्मा."

मला दूध उतरेना. अक्काने माझी मूठभर लेक पदराखाली घेतली. तिच्या दुधावर ती जगली.

बोलायला लागली तेव्हा लेक पहिल्यांदा अक्कालाच 'अव्वा', म्हणजे आई, म्हणाली. मी पुन्हा जळले. खोटं कशाला बोलू? मग महादेवापुढे हात जोडले. लेकरू त्याचं, दूधही त्याचंच. कुणाच्या पदराखाली पाजायचं, ते ठरवणारी मी कोण?