निळं पडलेलं पातं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच — कारण यात ज्याची बोटं गेली तो तिचा पाठचा भाऊ. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाटेत भेटलात तरी ‘या पारखी, बसा’ म्हणून मला पान पुढे करणार नाही.

पारखी! या शब्दाचा मला किती वीट आलाय म्हणून सांगू? घोडनदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. कुणाला नवा कोयता घ्यायचा झाला की मला सोबत घेऊन जुन्नरच्या बाजाराला जायचं, ही गावाची रीतच पडून गेली होती. आमच्याकडे कोयत्यावाचून गडी घराबाहेर पडत नाही. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी, आकडीत कोयता. जळण त्यानंच, कुंपण त्यानंच, आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, झाडावर चढून डहाळ्या उतरवायच्या त्याही त्यानंच. शेंड्यावर असताना कोयत्यानं दगा दिला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि मला पारख होती हो, खोटं कशाला बोलू? पातं शेपटाशी, म्हणजे मुठीत जातं त्या टोकाशी, दोन बोटांत लोंबतं धरायचं, नखानं टिचकी मारायची. आवाज घुमत राहिला तर आत चीर नाही. मग उन्हाकडे धरून धारेवरून नजर न्यायची. वजन पुढच्या अंगाला हवं, नाहीतर मनगट भरून येतं. एवढं मला येत होतं. एवढंच येत होतं — पण लोक मान डोलवायला लागले की माणसाला आपल्याला सगळंच येतं असं वाटू लागतं.

प्लेगाच्या धास्तीनं मोडलेला बाजार नुकताच पुन्हा भरू लागला होता, तेव्हाची गोष्ट. माझा मेहुणा धोंडू वाटणी होऊन वेगळा झाला होता. त्याला स्वतःचा कोयता हवा होता. आम्ही हुसेनभाईच्या भात्यावर गेलो. जुन्नरात कोयते करणारे दुसरेही होते, पण आम्ही डोंगराकडचे लोक त्याच्याकडेच जायचो. माणूस तिरसट. घासाघीस केली की पातं हातातून काढूनच घ्यायचा. पण त्याचा एक शब्द होता. तापलेलं पातं विझवून त्यात जो कडकपणा आणतात त्याला आम्ही पाणी म्हणतो. ‘पाणी माझं,’ हुसेनभाई म्हणायचा, ‘ते उतरलं तर पातं आणा, दुसरं न्या.’ मूठ मात्र ज्याची त्यानं बसवायची.

मूठ बसवायची म्हणजे शेपूट निखाऱ्यात लाल करून लाकडात जाळत घालायचं. त्या वेळी पात्याला ओलं फडकं गुंडाळावं लागतं, नाहीतर धग वर चढून पाणी उतरतं. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचा. मलाही सांगितलं. मला! मी नुसता हसलो.

सांगतो. जरा अडखळतोय, एवढंच.

सासुरवाडीच्या अंगणात निखारे केले होते. भोवती चार माणसं जमली होती; धोंडू तेवढा जनावरांकडे गेला होता. एवढ्या ढिगातून मी हेच पातं कसं हेरलं, ते मी रंगवून सांगत होतो. फडकं? फडकं मागायचंही मला सुचलं नाही. बोलण्याच्या भरात पातं निखाऱ्यात सरकलं, आणि बाहेर काढलं तेव्हा निम्म्यापर्यंत निळं पडलं होतं; बाकीच्यांची नजर माझ्या तोंडाकडे होती. पाणी उतरलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! मूठ ठोकली, ‘धार लावून आणतो’ म्हणून गोठ्यामागे गेलो, आणि विटकर नि राख घेऊन ती निळाई घासून काढली. लख्ख केली. मग कोयता धोंडूच्या हातात दिला. तो माझ्या पाया पडला.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? चार माणसं हसली असती. बस, एवढंच. आजही त्या अंगणाची आठवण झाली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

राबाच्या दिवसांत धोंडू ऐनाच्या झाडावर चढला. घाव गाठीवर बसला, मऊ पडलेली धार दुमडली, पातं फांदीवरून घसरलं आणि डाव्या हातावर आलं. दोन बोटं गेली. एका हातानं झाडाला कवटाळून तो खाली उतरला कसा, देव जाणे.

गाव खवळलं. आम्ही तो कोयता घेऊन जुन्नरला गेलो, आणि बोलायला पुढे कोण? मीच. हुसेनभाईनं पातं उलटंसुलटं पाहिलं.

“मूठ बसवताना तापलं का, पावणं?”

“न्हाई. वलं फडकं बांधलं व्हतं,” मी म्हणालो. “इचारा धोंडूला.”

धोंडूनं फडकं कुठून पाहिलं असणार? पण हाताला चिंध्या बांधलेला तो माणूस पुढे झाला आणि भर बाजारात म्हणाला, “दाजी म्हणत्यात म्हंजी बांधलंच व्हतं.”

हुसेनभाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. त्या हातापुढे तो काय भांडणार? त्यानं दुसरं पातं काढून दिलं. आमच्या खोऱ्यातलं एकही माणूस पुन्हा त्याच्याकडे गेलं नाही. मी त्यांना दुसरीकडे नेलं, त्याच्यापेक्षा हलक्या प्रतीची पाती निवडून दिली, आणि माझं नाव होतं तसंच राहिलं. धोंडू तर अजून लोकांना सांगतो, दाजींना दाखवल्याबिगर कोयता घेऊ नका. मला त्याचा राग येतो. त्याचाच राग येतो, बघा!

पुढे काही वर्षांनी बाजारात हुसेनभाईनं मला हाक मारली. त्याच्यापुढे बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या होत्या, कोयता एकही नव्हता. आता शिव्या घालील, असं वाटलं. घालायला हव्या होत्या. त्यानं मला बसायला पोतं सरकवलं.

“तुमी जाणतं मानूस,” तो हळूच म्हणाला. “त्या पात्याला माझं काय चुकलं व्हतं, सांगा ना. तवापासनं पाणी द्यायला हातच धजत न्हाई.”

जवळपास कुणी नव्हतं. ऐकणारा तो एकटा होता.

“भाता कमी पडला असंल,” मी म्हणालो.

त्यानं चिमट्यानं निखारे जरा सारखे केले. मग मान डोलावली.

“असंल,” तो म्हणाला. “बरं झालं सांगितलंत, राव.”