भिंतीवर निसर्ग लावायचा होता

फोटोग्राफी शिकवायला घेतल्यापासून माझ्याकडे फोटो कमी आणि किस्से जास्त जमलेत. नको असलेला फोटो निदान डिलीट तरी होतो!

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात मी रविवारी सकाळी क्लास घेते. यंदा भांडून भांडून गणपतीसाठी हॉलची एक भिंत मिळवली, निसर्गाचे फोटो लावायला. अध्यक्ष म्हणाले, "भिंत रिकामी राहिली तर पुढच्या साली क्लास बंद, मॅडम." माझा या क्लासवर फार जीव. पण भिंत भरणार कोण? तर हे लोक!

*

वऱ्हाडपांडे काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी मी समजावलं, की लेन्सचं भोक मोठं हवं असेल तर आकडा लहान ठेवायचा आणि भोक लहान हवं असेल तर आकडा मोठा.

"हे उलटं काहून?"

"काका, ते तसंच असतं."

"म्हणजे चूक कंपनीची, अन् पाठ आम्ही करून राहिलो!"

तेव्हापासून काकांचा कॅमेरा ऑटोवर आहे.

*

एकदा अभनपूरच्या बाजूला गेलो. हिरवंगार धान, पांढरे बगळे. मी बजावलं होतं, मुख्य वस्तू मधोमध नको, थोडी बाजूला ठेवा. देशकर वहिनींनी फोटो दाखवला. डाव्या कडेला त्यांचे मिस्टर, तेही अर्धेच. बगळा एकही नाही!

"वहिनी, निसर्ग कुठे आहे?"

"हे निसर्गातच तर उभे आहेत, ताई!"

"आणि अर्धे का?"

"तुम्हीच म्हटलं ना, बाजूले ठेवा म्हणून."

*

चिन्मय कॉलेजात शिकतो. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. त्याने त्याच शेताचा सुरेख फोटो आणला. चला, भिंतीची सुरुवात झाली म्हणून मी खुशीत, तेवढ्यात मागे नजर गेली. धानाच्या पलीकडे बर्फाचा डोंगर!

"चिन्मय, अभनपूरला बर्फ?"

"आसमान में मज़ा नहीं था मैडम, ऐप से बदल दिया."

"अरे, पण हे खोटं आहे!"

"हव, झूठ तो है. पर अच्छा लग रहा है न?"



*

तलावावर खंड्या पक्ष्याची वाट बघत सगळे कितीतरी वेळ गप्प बसले. हाच मुळात चमत्कार. शेवटी तो आला, समोरच्या काठीवर बसला. मी श्वास रोखून बटणावर बोट ठेवलं, आणि फुर्रर्र! गार्डाची शिट्टी!

"काका!!"

"तुमचं लक्ष नव्हतं मॅडम. पक्षी आला म्हणून सांगून राहिलो होतो."

*

गणपतीआधीचा शेवटचा रविवार. भिंतीसाठी हातात एकही फोटो नाही. तलावाच्या काठाने मी एकेकाच्या मागे धावत होते, "वाका! हलू नका! अहो, सूर्याकडे बघा!" घसा बसला. शेवटी कावून म्हटलं, "आता मला काही दाखवू नका. आपापला फोटो निवडा आणि सरळ सदर बाजारात प्रिंटला द्या!"

दिले.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंत गच्च भरली होती. उगवता सूर्य, आणि कोपऱ्यात हात उगारलेली मी. कमळं, आणि त्यांच्यामागे तोंड वासलेली मी. बगळा पार धूसर, पलीकडे मी मात्र स्वच्छ, डोळे वटारून!

"काका, फोकस कशावर केलात?"

"तुम्हीच सांगितलं होतं, जे हलून राहिलं त्याच्यावर करा."

भिंतीसमोर ही गर्दी! अध्यक्ष हसून हसून खुर्चीत बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "क्लास चालू ठेवा, मॅडम!" मला आनंदही होईना. बरं, ओरडायचीही सोय नव्हती. तोंड उघडलं की लोक आधी माझ्याकडे बघत, मग भिंतीकडे.

तेवढ्यात आमचे हे आले. हात मागे बांधून एकेक फोटो सावकाश बघत पुढे सरकले. शेवटच्या फोटोपाशी थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"तुझा इतका बरोबर फोटो आजवर कोणाले जमला नव्हता."