लेलंडची सॅक

ऑर्व्हिल थॅकर रोज संध्याकाळी सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून आमच्या मागची टेकडी चढतो. ऑगस्ट लागला की इथे अमेरिकेत, आयडाहोत, आमचं अर्धं गाव हेच करतं. पुढच्या महिन्यात एल्क हरणांच्या शिकारीला कड्याकपारींत जायचं, तंबू-शिधा सगळं पाठीवर, तर गुडघे आधी तयार हवेत. ऑर्व्हिल वजनाला इतका भितो की टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापतो. पण आता त्याचं वय झालंय आणि यंदा जोडीदार नाही.

जोडीदार म्हणजे माझा नवरा, लेलंड. एप्रिलमध्ये गॅरेजमध्येच कोसळला आणि गेला. लोकांनी आणून दिलेलं जेवण मी खाल्लं, भांडी घासून ज्याची त्याला परत केली. रडू आलं नाही. काहीच वाटत नाही, खरं सांगते.

या दोघांची पद्धत अशी, की तंबूचं कापड लेलंडकडे आणि काठ्या ऑर्व्हिलकडे. म्हणजे डोंगरात भांडण झालं तरी कुणाला तणतणत निघून जाता येत नाही. भांडायचे मात्र दरवर्षी.

आता ऑर्व्हिल माझ्याकडे कापड मागेना आणि नवा तंबूही घेईना. डोंगरातल्या थंडीत उघड्यावर झोपणार होता गाढव. शेवटी वैतागून मी कापडासकट लेलंडची सॅक उचलली आणि त्याच्या दारात आपटली.

"घे. आणि एकटा मरायला जाऊ नकोस."

"मग कोण येणार? तू?"

"हो, मी."

"डेल्फा, चर्चच्या पायऱ्या चढताना धापा टाकतेस तू."

"तू तुझ्या गुडघ्याचं बघ."

त्याने सॅक माझ्या पाठीवर चढवली, तर ती घसरून खाली लोंबायला लागली. कंबरपट्ट्याचं बक्कल इतकी वर्षं एकाच जागी बसून घट्ट झालं होतं. ऑर्व्हिलने पक्कड आणून ते सोडवलं आणि पट्टा ओढत राहिला. माझ्या कमरेला बसला तेव्हा हातभर पट्टा बाहेर आला होता, आणि त्यावर बक्कलाच्या जुन्या जागेची घडी तशीच.

"केवढं पोट होतं गं त्याचं," ऑर्व्हिल म्हणाला. मग सवयीने सुरी काढली. "हा लोंबता कापतो. उगाच वजन."

"हात लाव, मग बघ!" मी ओरडले, आणि तिथेच, त्याच्या दारात, हमसून रडले.

ऑर्व्हिलने सुरी मिटली. उरलेला पट्टा नीट गुंडाळला आणि दोऱ्याने माझ्या कमरेशी बांधला.