मुख्यालय पिंपळनेर राहील

काम करणाऱ्या माणसाकडे किस्से फार नसतात हो, त्याला वेळच कुठे असतो! किस्से साचतात ते निलंबित माणसाकडे. मी चार वर्षं निलंबित आहे. चौकशी चालू आहे असं कळतं, कुठे चालू आहे ते कळत नाही.

निलंबनाच्या आदेशात शेवटी एक ओळ असते, ‘या कालावधीत मुख्यालय अमुक राहील.’ माझं पिंपळनेर. घर धुळ्यात, पण परवानगीशिवाय पिंपळनेरची वेस ओलांडायची नाही. रोज दहाला कचेरीत येऊन सही करायची, आणि मग दिवसभर काम करायचं नाही! असा नियम आहे का, ते कुणी बघितलेलं नाही. आमच्याकडे तसा रिवाज आहे. खातं कोणतं ते विचारू नका, आधीची एक चौकशी पुरेशी आहे.

आवारातल्या कडुनिंबाखाली एक लाकडी बाकडं आहे. त्यावर आम्ही तिघं. मी, फैजपूरचे भाऊ आणि असोद्याचे नाना. भाऊ ज्युनिअर इंजिनीअर. नाना हेड क्लार्क, सगळ्यांत मोठे, सारी नोकरी धुळे जिल्ह्यात काढलेले, निवृत्तीला आलेले. तिघांवरही लाच मागितल्याचा आरोप. खरं किती, खोटं किती, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. बाकड्याची तेवढी रीत आम्ही पाळतो.

सावली सरकली की बाकडं सरकवायचं. सकाळी आम्ही झाडाच्या बुंध्याशी असतो, दुपारी रेकॉर्ड रूमच्या खिडकीपाशी, पाचला गेटजवळ. समोर डोंगर, त्यावर धुरकट निळा रंग. बघता बघता डोळे जड होतात, आणि आज मंगळवार की गुरुवार यावरून वाद होतो. एकदा तिघांनीही वेगवेगळा वार सांगितला. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, “आज रविवार आहे, साहेब. मी तुमच्यासाठीच गेट उघडलं!”

*

भाऊंना स्वप्नं फार पडतात. एक दिवस ते फारच खुशीत आले. म्हटलं, “काय भाऊ, निलंबन उठलं की काय?”

“नाही हो. पहाटे स्वप्न पडलं. केळीच्या बागेत साहेबांचं टेबल मांडलेलं, वरून पानांतून पाणी ठिबकतंय. मी किरकोळ रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, ‘कामं पडलीत, रजाबिजा काही नाही!’ आणि अर्ज फाडला.”

“मग?”

“मग काय, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!”

*

नानांची घरमालकीण अक्का. तीन वर्षं ती नानांना बघत होती. शेवटी तिने विचारलंच, “नाना, काम काय करतस तुम्ही?”

नाना खोटं बोलत नाहीत. म्हणाले, “काही नाही. सही करतो आणि दिवसभर बसतो.”

“बठ्ठा दिन बशी ऱ्हातस, नि पैसा भेटस?”

“अर्धाच भेटायचा. आता थोडा जास्त भेटतो.”

अक्काने ओट्यावर बसलेल्या आपल्या पोराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मना आंडोरले बी अशीच नोकरी लायी द्या ना!”

*

नाना म्हणाले तो अर्धा पैसा म्हणजे निर्वाह भत्ता. तो मिळवायला दर महिन्याला लिहून द्यावं लागतं, ‘मी अन्य कोणतीही नोकरी वा व्यवसाय करीत नाही.’ आम्ही डोळे मिटून सही ठोकतो. नाना मात्र दोन दिवस अस्वस्थ होते. संध्याकाळी ते अक्काला भुईमुगाच्या शेंगा फोडून देत, आणि ती त्यांना मूठभर दाणे देई. हा व्यवसाय झाला का?

त्यांनी खाली रीतसर टीप जोडली, ‘घरमालकिणीच्या शेंगा फोडतो. मोबदला मूठभर दाणे.’

पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं, ‘सदर मूठ कोणाची व तिचे अंदाजे वजन किती, याचा खुलासा करावा.’

*

हसतो आम्ही, पण नानांचं मन असोद्याला असायचं. तिथे नानी एकट्या. गावात लोक बोलतात ते त्याच ऐकून घेत. इकडे येताना नानांनी त्यांना शब्द दिला होता, “सुटल्याचा कागद हातात असेल तेव्हाच दारात येईन.” दर सणाला आम्ही म्हणायचो, परवानगी काढा आणि जाऊन या. ते नाही म्हणायचे. निवृत्तीच्या आधी निलंबन उठावं, एक दिवस तरी खुर्चीवर बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

हिवाळ्यात कचेरीत वैशाली नावाची क्लार्क नव्याने आली. आठव्या दिवशी ती कागद-पेन घेऊन बाकड्यापाशी आली. “नाना, वरून पत्र आलंय. एका निलंबित कर्मचाऱ्याचा आढावा आहे, अहवाल पाठवायचाय. कसा लिहू?”

उन्हात नानांचे डोळे अर्धे मिटलेले. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलेला मसुदा आपोआप बाहेर पडला, “घे. आरोप गंभीर स्वरूपाचे असून चौकशी प्रलंबित आहे. सबब निलंबन पुढे चालू ठेवणे उचित राहील.”

अहवाल सहीला गेला, सही होऊन वर गेला. महिन्याभराने निलंबन पुढे चालू ठेवल्याचा आदेश आला. नानांच्या नावाचा! आढाव्याच्या पत्रावर त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि वैशालीला ते फक्त ‘नाना’ म्हणून माहीत.

पोरगी रडायला लागली. नानांनी आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसला. “रडू नको. तुझी चूक नाही. मसुदाच पक्का होता.”

त्या दिवशी सावली निघून गेली तरी बाकडं कुणी सरकवलं नाही. मला फार वाईट वाटलं.

*

उन्हाळ्यात नाना निवृत्त झाले. निलंबित माणसाला निरोप समारंभ नसतो. त्यांनी दहाला शेवटची सही केली, पाचला आम्ही तिघांनी चहा घेतला. चौकशी पुढेही चालूच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला नाना हजर! इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. वैशालीच्या टेबलावर त्यांनी अर्ज ठेवला, ‘असोदा येथे जाणेकामी मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी.’

वैशाली हसली. “अहो नाना, आता परवानगी कशाची? निलंबन कालच संपलं. आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तुम्ही सुटलात, नाना!”

नानांनी अर्ज उलटा केला, कोरी बाजू तिच्यापुढे सरकवली आणि खिशातलं पेन काढून दिलं.

“पोरी, आत्ता शेवटचं जे बोललीस ना, तेवढं लेखी दे.”