दिलीपच्या गाडीचा सायलेन्सर

दिलीप गेल्याचं मला त्याच्या बायकोनं, मंदावहिनींनी सांगितलं. सकाळी साडेसातची वेळ, मी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, ते ऐकू येत होतं. त्याला आता दीड महिना झाला. शोकसभेत मी बोललो, पॉलिटेक्निकपासूनच्या आमच्या दोस्तीबद्दल, त्याच्या दिलदारपणाबद्दल. बोललो ते सगळं खरंच होतं. पण एक गोष्ट तिथे बोललो नाही, आणि ती गाळून दिलीपविषयी पेपरात लिहिणं म्हणजे लबाडी होईल. मला त्याचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, आणि थोडे दिवसही नाही.

दिलीप पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षं. पॉलिटेक्निकला माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्या ड्रॉइंगच्या शीट उतरवून काढायचा. दोन विषय राहिले तसा डिप्लोमा सोडून गावी गेला, द्राक्षं पेट्यांत भरून बाहेर पाठवायचं पॅकहाउस काढलं आणि बघता बघता मोठा झाला. मी पहिल्या वर्गात पास होऊन नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तो कुठेही उभा राहिला की माणसं त्याच्याभोवती जमायची. माझ्या लग्नात माझे सासरे माझ्याशी बोलले नसतील इतकं त्याच्याशी बोलले. हे असलं मी सगळं लक्षात ठेवलेलं आहे.

पण खरा हेवा सुरू झाला तो गाडीवरून. गंगापूर रोडला एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असायची. दोन सीटांची, कापडी टपाची, विलायतेत बनलेली जुनी स्पोर्ट्स कार, गर्द हिरवी. नोकरीला लागल्यापासून मी ती बघायला जात होतो. डॉक्टर चहा द्यायचे, बॉनेट उघडून दाखवायचे. दर खेपेला "विकणार का?" असं विचारायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. धंदा मुलाच्या हाती देऊन दिलीप नाशिकला राहायला आला, तेव्हा एका रविवारी मीच त्याला तिथे घेऊन गेलो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सरळ म्हणाला, "डॉक्टर, देता का मला ही?"

डॉक्टर हसले. "इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही हो!"

पंधरा दिवसांत गाडी त्याच्या दारात. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

पुढचं वर्षभर गाडी दुरुस्त करण्यात गेलं. इंजिन मी उतरवलं, दोन्ही कार्ब्युरेटर मी साफ केले, वायरिंग मी बदललं. दिलीप बाजूला स्टुलावर बसून द्राक्षं खायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आपला अरुण हाय म्हणून चाललंय सगळं." हेही मला टोचायचं. हात माझे आणि गाडी त्याची! शेवटी राहिला सायलेन्सर. जुना गंजून चाळणी झाला होता. तो घेऊन आम्ही नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ रफिकभाईंच्या वर्कशॉपला गेलो. सायलेन्सर बनवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. त्यांनी जुना पाइप हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "साहेब, कंपनीने जो माप दिया है वही रखो. वही माप, वही दोन डबे, फक्त स्टेनलेसमध्ये बनवतो. तुमच्या नातवापर्यंत चालेल."

भिंतीला दुसरा एक नमुना टांगलेला होता. जाड पाइपाचा, एकाच डब्याचा, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला. दिलीपचं लक्ष तिकडे गेलं. "आवाज कसा येईल रे ह्याचा?"

"वाघासारखा," मी म्हणालो.

"मग कोणता घेऊ? तू सांगशील तो. मला त्यातलं काय कळतंय?"

मला त्यातलं सगळं कळत होतं. पाइप जाड केला तर कार्ब्युरेटर नव्यानं जुळवावे लागतात. नाहीतर गाडी कमी वेगात ओढ धरत नाही, चढाला गुदमरते आणि तापते. शिवाय एका डब्याचा आवाज डोक्यात घुमत राहतो. रफिकभाई माझ्याकडे बघत होते, हा माणूस आता बरोबर ते सांगेल म्हणून... मी म्हणालो, "जाड घे. स्पोर्ट्स कार आहे, भजनी मंडळाची गाडी नाही." दिलीप खळखळून हसला. रफिकभाई हसले नाहीत. पाइप बसला, आणि कार्ब्युरेटरला मी हात लावला नाही. तेही जाणूनबुजून.

महिन्याभरानं दिलीपच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. येवल्याची पैठणी नेसून मंदावहिनी गाडीत बसल्या आणि दोघं सप्तशृंगीच्या गडाकडे निघाले. नांदुरीच्या घाटात गाडीनं मान टाकली. लोकांनी ढकलली, पुन्हा बंद पडली. शेवटी त्या पैठणीतच वहिनी कांद्याच्या टेम्पोत बसून खाली आल्या. दर्शन राहिलं ते राहिलंच. दिलीपनं हे सगळं मला हसत हसत सांगितलं, "आवाज असा की माकडं झाडावरून पळाली रे!" मीही हसलो. आणि आत मला बरं वाटलं... हे लिहिताना हात अडखळतो, पण बरं वाटलं.

त्यानंतर दोन वर्षं त्यानं मला गाडीत घेतलं नाही. शेजारचे जोशी बसून आले, नातवंडं बसली, दूधवालासुद्धा एक चक्कर मारून आला. मी गेलो की गाडीवर ताडपत्री. "बॅटरी उतरलीय रे," नाहीतर "आज कंटाळा आलाय." जिच्या प्रत्येक नटबोल्टला माझा हात लागलेला, तिच्यात बसायचा मान दूधवाल्याला! मी त्याच्याकडे जाणंच कमी केलं. शेवटच्या आजारपणात दोनदाच भेटलो, आणि दोन्ही वेळा घाईत.

गेल्या रविवारी मंदावहिनींनी मला बोलावून घेतलं. गेलो तेव्हा त्या घरामागच्या गाडीच्या शेडमध्येच होत्या, ताडपत्री काढून घडी घालत होत्या. मग स्वतः आत बसल्या आणि गाडी सुरू केली. मी दचकलो, कारण आवाजच वेगळा होता. खालचा, भरीव, एकसारखा. वाकून बघितलं तर स्टेनलेसचा पाइप, जुन्या मापाचा, दोन डब्यांचा.

"हा कधी बदलला?"

"घाटातून आल्यावर आठ दिवसांत. कार्ब्युरेटरवाला पुण्याहून आणला होता. हे म्हणाले, अरुणला कळू द्यायचं नाही, त्याला लागेल. तुम्ही आलात की गाडी सुरूच करायचे नाहीत, आवाजावरून ओळखाल म्हणून."

त्या क्षणी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. म्हणालो, "वहिनी, माझा अंदाज चुकला नव्हता. मी मुद्दाम..."

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रफिकभाईंनी सांगितलं. मी चिडले होते, खोटं कशाला बोलू? तुमच्याशी बोलणार नव्हते. पण हे म्हणाले, डॉक्टरांकडून मला नंतर कळलं, अरुण तिथे वर्षानुवर्षं जायचा. त्याचा जीव होता गाडीवर आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत उचलून आणली. एवढं तर होणारच की."

चोर पकडला जातो तेव्हा त्याला निदान शिक्षा तरी मिळते. वहिनी म्हणाल्या, "पेपरात लिहिणार आहात ना त्यांच्यावर? मग हेही लिहा. आणि आता बसा."

दिलीपनंच त्यांना चालवायला शिकवलं होतं म्हणे, हेही मला ठाऊक नव्हतं. आम्ही गिरणारे गावाच्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, ऊन अजून कोवळं. चढ आला तशी वहिनींनी गिअरसुद्धा बदलला नाही, गाडी सहज वर गेली, पाण्यात काठी सरकावी तशी. असा आवाज, अशी ओढ... मी सबंध आयुष्यात असं इंजिन ऐकलं नव्हतं. दिलीप हे दोन वर्षं ऐकत होता, आणि ज्याला ते सगळ्यात जास्त कळलं असतं त्यालाच ऐकवता येत नाही म्हणून, वहिनी म्हणाल्या, मी भेटून गेलो की तो बराच वेळ या सीटवर नुसता बसून राहायचा.

मला रडू यायला हवं होतं. आलंही, पण घरी पोचल्यावर. त्या चढावर मात्र मला पहिल्यांदा जे वाटलं ते खरं सांगतो. इतकं मोठं मन या माणसाला कुठून मिळालं, आणि मला का नाही, याचाच हेवा वाटला.