काळी चार

देगलूरचा गुंडप्पा विकायचा मिरची-मसाला, पण स्वतःला समजायचा गवई. वीस वर्षं मठातल्या सोमवारच्या भजनात पेटी त्याची आणि गळाही त्याचाच. बायको शरणम्मा मागं बसून टाळ वाजवायची, त्याच्या मागून म्हणायची. लातूरच्या मोठ्या मंचावर एकदा तरी आपण गावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं देवापाशी.

यंदा श्रावणात त्याचा घसा बसला आणि घोटाळा झाला. "आज तू म्हण," तो शरणम्माला म्हणाला. बाईचा आवाज उंच, म्हणून आपली नेहमीची खालची पट्टी, काळी एक, सोडून त्यानंच पेटीवर वरची, काळी चार, धरली. तिला पट्टीबिट्टीतलं काही कळत नसे; नवरा देईल तो सूर तिचा. त्या दिवशी ती अशी गायली की माणसं प्रसाद घ्यायला विसरली. कुणीतरी मोबाइलवर घेतलं, आणि महिन्याभरात लातूरहून बोलावणं आलं. पत्रिकेत शरणम्मा ठळक, पेटीवाला खाली बारीक अक्षरात.

तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक मिरचीआधी विचारायचं, "शरणम्माअक्का काय म्हणतात?" मन चिंती ते वैरी न चिंती. लातूरच्या बसमध्ये उदगीर मागं पडलं तरी त्याच्या मनात एकच घोळत होतं. वीस वर्षं लोकांनी आपल्याला ऐकलं, ते काय नुसतं भिडेपोटी?

मंचावर त्यानं काळी एक दाबली. चुकून नव्हे.

शरणम्मा वाकून म्हणाली, "अहो, सूर लई खाली वाटायलाय."

"हॉल मोठा हाय, तसंच वाटतंय. म्हण तू."

तिनं विश्वास ठेवला. आवाज विहिरीत पडल्यासारखा झाला, लोक चुळबुळले, पुढचे दोघं उठूनही गेले.

परतताना ती एवढंच बोलली, "माझ्याच गळ्यानं दगा दिला. आता तुमीच गात जा." हवं होतं तेच झालं, तरी गुंडप्पाला घास गोड लागेना. आठवडाभर भाकरी थापतानाही ती गुणगुणली नाही. ती नुसती बघायला लागली तरी त्याला वाटायचं, हिला कळलं. चोराच्या मनात चांदणं.

सोमवारी मठात त्यानं काळी चार धरली. शरणम्मानं झटकन मान वर केली.

"हाच तर माझा सूर हाय! लातूरला का न्हाई दिला?"

"मुद्दाम न्हाई दिला," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तू पुढं जाशील, मी मागं राहीन. भ्या वाटलं मला."

पेटी थांबवायचीही त्याची छाती होईना. तो भाता हलवतच राहिला. शेवटी शरणम्मानं टाळ खाली ठेवले.

"मंग आज तुमीच गा. ह्याच सुरात."

तो गायला. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. त्यानं सवयीनं मागं पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्या मागून म्हणत नव्हती.