राखून ठेवलेली जागा

पालिकेच्या कचेरीच्या जिन्यावर कठड्याला हातातलं कडं घासल्याचा आवाज आला, की माझं टायपिंग थांबायचं. आमच्या वॉर्डाच्या शीख नगरसेविका, सरदारीणबाई, वर येत असायच्या. डोक्यावर पांढरी ओढणी, आणि तोंडी यंत्रमागवाल्यांच्या बायकांकडून उचललेली मराठी. कुणीही तक्रार घेऊन आलं तरी आधी विचारायच्या, "जेवलास का न्हाय रं?"

आणीबाणीत वरून झोपड्या पाडायचा हुकूम आला. यादी माझ्या हातात होती, सोबत आमचे साहेब, मागं पोलिसांची गाडी. बघतो तर बाईंनी पहिल्याच झोपडीसमोर पंगत मांडलेली. गुरुद्वारात बसतात तसे सगळे जमिनीवर एका रांगेत, आणि बाई डाळ वाढतायत.

"साहेब, पंगत उठल्याबिगर काय पाडायचं न्हाय." मग माझ्याकडं वळल्या, "तू बस की. जागा ठेवलीय."

साहेब माझ्याकडंच बघत होते. कुणाच्या शेजारी बसला, एवढ्यावरही तेव्हा माणूस आत जात होता. यादी छातीशी धरून मी उभाच राहिलो. बाईंना गाडीत घातलं, तेव्हा त्यांच्या हातात डाळीचा डाव तसाच होता.

पुढं त्या सुटल्या, निवडून दिल्लीला गेल्या. सोलापुरात आल्या की मात्र कचेरीत यायच्याच. त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. जिन्यावर कडं वाजायचं, माझं टायपिंग थांबायचं. दारात थांबून त्या एवढंच विचारायच्या, "जेवलास का?"

"व्हय, बाई," मी म्हणायचो. टेबलाखाली डबा तसाच बंद असायचा.